पेपर चौथा

निपाणीच्या कॉलेजात एकवीस वर्षं
आर्थिक विचारांचा इतिहास शिकवला मी,
सकाळी सात दहाचा तास.
खिडकीतून वखारीचा वास यायचा,
फळ्यावर तंबाखूची धूळ बसायची.
पहिल्या बाकावर कुणी शिंकलं
की मी समजायचो,
अठरावं शतक सुरू करायला हरकत नाही.

आधी जहाजवाले.
सोनं आत किती आलं, बाहेर किती गेलं,
कोगनोळीच्या नाक्यावर
ट्रक मोजत उभ्या शिपायासारखे.
मग मातीवाले:
संपत्ती फक्त जमीन देते, म्हणायचे,
बाकी सगळे तिच्या पंगतीला बसलेले पाहुणे.
मग श्रमवाले, वस्तूत गोठलेले तास मोजणारे,
आणि त्यांच्याशी भांडायला तहानवाले:
उन्हातून आलेल्याला पहिला तांब्या अमृत,
दुसरा पाणी,
तिसऱ्याला हात आडवा.
मंदीत सरकारनं खड्डे खणावेत, बुजवावेत, पुन्हा खणावेत
असं म्हणणारेही आले शेवटी.
ते फारसं शिकवावं लागलं नाही,
चिकोडीचा रस्ता समोरच होता.

मी सगळ्यांचीच बाजू घेतली,
पंधरा-पंधरा मार्कांना.

एकदा मागच्या बाकावरून मलगोंडा म्हणाला,
सर, आमच्या घरी कन्नड.
बेळे म्हणजे पीक, बेले म्हणजे किंमत.
जीभ दुमडली की रान,
सरळ राहिली की बाजार.
वर्ग हसला.
मी खडू हातात घेऊन नुसता उभा राहिलो,
तोंडातल्या तोंडात
ळ, ल, ळ, ल.

कस्तुरी मगदूम त्या दिवशीही लिहीत होती.
लिहायचीच ती सारखी.
बोटांच्या टोकांना टेंभुर्णीच्या पानाचा रंग,
पहाटे दोनशे विड्या वळून यायची,
आईच्या हजारात तेवढी भर.

वार्षिक परीक्षा. प्रश्न तिसरा.
मूल्याच्या सिद्धांतांची चर्चा करा.
तिनं लिहिलं होतं:

'आमची आई हजार विड्या शाखेत नेते.
तपासनीस अंगठ्यानं दाबून बघतो
आणि साठ-सत्तर छाट काढतो.
छाटीचे पैसे देत नाहीत.
छाट परतही देत नाहीत.
त्यात आईचे तास आहेत,
म्हणजे श्रमवाल्यांच्या मते तिला मूल्य आहे.
कुणीतरी ती ओढतोच,
म्हणजे दुसऱ्यांच्या मतेही आहे.
पान जंगलातलं, तंबाखू इथल्याच काळ्या रानातली,
म्हणजे मातीवालेही नाही म्हणणार नाहीत.
तिन्ही पंथांचं एकमत व्हावं अशी वस्तू
मला पुस्तकात दुसरी सापडली नाही.
आईला तिचे शून्य रुपये मिळतात.
तरी अंगठ्याचा सिद्धांत कुणी मांडला असल्यास
तो आम्हाला शिकवलेला नाही.'

बाहेर वखारीची पाळी सुटत होती,
डोक्यावरचे पदर झाडत बायका निघाल्या होत्या.
आदर्श उत्तरपत्रिका माझ्या डाव्या हाताला.
तिच्यात व्याख्या होत्या, टीका होती,
सात मुद्दे आणि समारोप.
मी पान उलटलं, पुन्हा उलटलं,
कोपरा अंगठ्यानं दाबून धरला
आणि लाल शाईनं समासात लिहिलं:
उदाहरण विषयाला सोडून.
पंधरापैकी नऊ.

गेल्या पावसाळ्यात निवृत्त झालो.
परवा बसस्टँडवर आक्काताई मगदूम दिसल्या,
डोक्यावर रिकामं सूप, हातात दोऱ्याचं रीळ.
म्हणाल्या, कस्तुरी हुबळीत असते,
बँकेत मोजायचं काम करते,
दुसऱ्याचंच मोजते म्हणा, हसल्या.
सर, तुम्ही आता काय शिकवालाय?

काही नाही, म्हणालो.

संकेश्वरची गाडी लागली, त्या चढल्या.
मी फलाटावर तसाच.
नऊ दिलेले पक्के आठवतात,
नोंदवहीत आहेत.
कापलेले सहा
कुणाच्या हिशेबात गेले
ते शोधतोय.